रिकाम्या हातांनी चालायची वाट

(जिते, तालुका पेण येथे परिसरातील महिला मंडळे आणि बचत गट यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मेळाव्यात कशावर बोलणार, असं मला तयारीच्या बैठकीत विचारलं गेलं. मी म्हटलं, 'डोंगरात धावण्यावर.' सगळ्याजणी हसल्या. एक मावशी म्हणाल्या, 'ताई, आमी काय कमी धावताव का?' मीही हसले, पण घरी जाताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. आज मी जे बोलणार आहे ते त्या मावशींना द्यायचं उत्तर आहे.

मावशींचं म्हणणं खरंच आहे. आपल्या जिते स्टेशनवर दिवा-रोहा गाडी येते तेव्हा पाहा. पाट्या, पिशव्या, शेवळांच्या जुड्या नाहीतर कंटोली घेऊन बाया रुळांच्या कडेने धावत असतात, कारण ही गाडी चुकली तर दुसरीची फार वाट पाहावी लागते आणि तोवर पनवेलचा बाजार निघून जातो. वरच्या वाड्यांमधल्या कातकरी आणि ठाकूर बाया मोळी डोक्यावर घेऊन डोंगर उतरतात. चुंबळीवर मोळी ठेवली की मान हलवता येत नाही. पायाखाली काय आहे ते डोळ्यांनी न पाहता तळव्याने ओळखावं लागतं. हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाला जाणाऱ्या पोरी सकाळी घरचं पाणी, भाकरी आटपून निघतात, तेव्हा चालत नाहीत, धावतच असतात. खारेपाटातल्या बायांनी उन्हाळ्यात पाण्यासाठी किती बांध तुडवले, ते त्यांचं त्यांना माहीत.

मग मी तुम्हाला धावण्याबद्दल वेगळं काय सांगणार?

जगात एक खेळ आहे. त्यात माणसं डांबरी रस्त्यावर न धावता डोंगरातल्या पायवाटांवरून धावतात. युरोपात आल्प्स नावाच्या बर्फाच्या डोंगररांगा आहेत. तिथे माँ ब्लाँ या शिखराभोवती २००३ सालापासून एक शर्यत होते. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांमधून जाणारी सुमारे १७० किलोमीटरची ही वाट. सगळे चढ एकत्र मोजले तर दहा हजार मीटर भरतात. आपला कर्नाळा किल्ला समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे तेवढी उंची वीस-बावीस वेळा चढण्यासारखं आहे. आपल्याकडेही हा खेळ आला आहे. पुणे जिल्ह्यात सिंहगड, राजगड, तोरणा अशा तीन गडांवरून शंभर किलोमीटरपर्यंतची शर्यत होते. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटातून अर्धमॅरेथॉन धावतात, ती मात्र डांबरी रस्त्यावर. रविवारी पहाटे महामार्गाने कर्नाळ्याकडे जाणाऱ्या गाड्या तुम्ही पाहता. त्यातली काही माणसं डोंगर चढायला येतात आणि काही धावायलासुद्धा. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ किती चढले, किती उतरले, काळजाचे ठोके किती, हे सगळं मोजतं.

त्यांची टिंगल करायला मी इथे उभी नाही. उलट मला वाटतं, ती माणसं एक चांगली गोष्ट करतात, ती म्हणजे डोंगरात कारणाशिवाय जातात. मला बोलायचं आहे ते त्या 'कारणाशिवाय' या शब्दाबद्दल.

मागे एका शिबिरात आम्ही एक साधा खेळ घेतला. बायांना कागद आणि खडू दिले आणि सांगितलं, आठवडाभरात तुम्ही ज्या ज्या वाटांनी गेलात त्या काढा. पुरुषांनाही वेगळ्या खोलीत तेच सांगितलं. बायांचे कागद वाटांनी भरून गेले. विहीर, शेत, रान, दळण, रेशन, शाळा, दवाखाना, स्टेशन, माहेर. पुरुषांच्या कागदावर वाटा कमी होत्या, पण त्यांत पार होता, मैदान होतं, नदीवरची मासे धरायची जागा होती, आणि 'असाच' असं लिहिलेली एक वाट होती. असाच म्हणजे काय, विचारलं. तो गडी म्हणाला, 'असाच, संध्याकाळी फिरायला.' बायांच्या एकाही कागदावर 'अशीच' ही वाट नव्हती. माहेरची वाटसुद्धा बहुतेकींनी बाळंतपणासाठी, आजारपणासाठी नाहीतर लग्नकार्यासाठी काढली होती.

म्हणजे चालतो जास्त आपण, पण आपल्या प्रत्येक वाटेच्या टोकाला काम उभं असतं. हातात हंडा, कोयता, पिशवी किंवा मूल असेल तर बाईला कुणी अडवत नाही. हात रिकामे दिसले की लगेच प्रश्न येतो, 'कुठं निघालीस?' आपली भाषा पाहा. कामाविना हिंडणाऱ्या बाईला भटकभवानी म्हणतात. ती गावभर उंडारते. पुरुषाला कुणी भटकभवान म्हटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. पुरुष फिरून आला तर तो पाय मोकळे करून आला. बाईचे पाय कधी बांधले होते ते कुणी सांगत नाही, म्हणून ते मोकळे करायचा प्रश्नही येत नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घेऊ. हिरकणी तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. रायगडाच्या पायथ्याची ही गवळण गडावर दूध घालायला गेली. कोजागिरीची रात्र होती, असं सांगतात. सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले. घरी तान्हं मूल. मग ती अंधारात, जिथून कुणी उतरू शकणार नाही असा कडा उतरून गेली. महाराजांनी त्या जागी बुरूज बांधला आणि त्याला तिचं नाव दिलं. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले. शाळेत त्यावर नाटुकलं केलं, त्यात मी हिरकणी झाले होते. तेव्हा मला एक प्रश्न पडला नव्हता, तो आता पडतो. ती बाई रोज दुधाची घागर घेऊन तो गड चढत-उतरत होती. कडा उतरायचं बळ तिच्या पायांत एका रात्रीत आलं नव्हतं, रोजच्या चढाने आलं होतं. पण आपण त्या बळाचं कौतुक कधी केलं नाही, कौतुक केलं ते तिच्या आईपणाचं. तोच कडा ती दुसऱ्या दिवशी, मूल आजीकडे ठेवून, केवळ उतरता येतो म्हणून उतरली असती, तर तिच्या नावाचा बुरूज झाला असता का? मला वाटतं, तिच्या नावाने फक्त चर्चा झाली असती.

आईपण मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्या मागे बाईची बाकी सगळी ताकद झाकून टाकली जाते, ही माझी तक्रार आहे.

आता हिरकणीच्या शेजारी आजची एक बाई उभी करून पाहा. मघाशी सांगितलेल्या माँ ब्लाँच्या शर्यतीत २०१८ साली सोफी पॉवर नावाची एक इंग्रज बाई धावली. तिचं बाळ तीन महिन्यांचं होतं. वाटेत एका मुक्कामी ती बसली आहे, बाळ अंगावर पीत आहे, शेजारी एक पुरुष स्पर्धक पाय वर करून आडवा पडला आहे, असं तिचं छायाचित्र जगभर गेलं. ती ४३ तासांहून अधिक काळ चालत-धावत राहिली आणि शर्यत पुरी केली. लोकांनी तिलाही आधी आई म्हणूनच डोक्यावर घेतलं. पण तिचं म्हणणं निराळं होतं. काही वर्षांपूर्वी तिला याच शर्यतीत जागा मिळाली होती आणि गरोदर राहिल्यामुळे ती सोडावी लागली होती. पाय मोडला तर जागा पुढच्या सालासाठी राखून मिळत असे, पोटात मूल असेल तर मिळत नसे. पुन्हा जागा मिळाली तेव्हा बाळ तान्हं होतं, म्हणून तिला त्या अवस्थेत धावावं लागलं. त्या छायाचित्राने ओरड झाली आणि पुढे हा नियम बदलला. मला ही दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. बाईने कडा उतरून दाखवला की आपण टाळ्या वाजवतो. पण दरवाजा कोणी बंद केला आणि तो कसा उघडायचा, ते विचारायला हवं.

दरवाजे पुष्कळ होते. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायांना प्रथमच ८०० मीटर धावू दिलं गेलं. शर्यत संपल्यावर काहीजणी दमलेल्या दिसल्या, तेवढ्यावरून हे अंतर बायांच्या प्रकृतीला झेपत नाही असं ठरवून ते बंद केलं, ते १९६० पर्यंत. ८०० मीटर म्हणजे किती? आपल्यातल्या कित्येकजणींची विहीर त्याहून लांब होती, आणि येताना डोक्यावर भरलेला हंडा असे. तेव्हा प्रकृतीची काळजी कुणाला वाटली नाही. १९६७ साली अमेरिकेत बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर धावत होती, तर शर्यतीचा एक अधिकारी रस्त्यात धावून आला आणि तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढू लागला. ऑलिंपिकमध्ये बायांची मॅरेथॉन आली ती १९८४ साली.

आपल्याकडच्या दोघींची नावं घेते. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत. तिने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. दुसरी ललिता बाबर, सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातली. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती दहावी आली. शेजारच्या नेपाळमध्ये मीरा राई आहे. भोजपूर जिल्ह्यातल्या डोंगरी खेड्यातली ही मुलगी घरासाठी ओझी वाहत मोठी झाली, कोवळ्या वयात माओवादी सैन्यात गेली, परत आली, आणि २०१४ साली काठमांडूजवळच्या पन्नास किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत पहिली आली. पुढे तिने युरोपातल्या डोंगरांतही शर्यती जिंकल्या. या तिघींचे पाय कुठल्या व्यायामशाळेत घडले नाहीत. ते आपल्यासारख्याच वाटांवर घडले. फरक इतकाच की त्यांना कधीतरी ओझं खाली ठेवून धावता आलं.

किती जणींना ते ठेवता येत नाही, याचा एक अनुभव सांगते. त्यात माझीही चूक आहे, म्हणून तो सांगणं भाग आहे.

आमच्या कामाच्या भागातल्या एका गावात एक मुलगी पोलीस भरतीसाठी धावायची. नाव सांगत नाही. महाराष्ट्राच्या पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलींना ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. म्हणजे धावण्यावर नोकरी अवलंबून. तिला मैदान नव्हतं. महामार्गाच्या कडेला ट्रक अंगावरून जातात. म्हणून ती गावामागच्या टेकडीच्या पायवाटेवर पहाटे धावायची. चढावर दम वाढतो, असं तिने स्वतःच शोधून काढलं होतं. काही दिवसांनी दोन पोरं मोटारसायकल टेकडीखाली लावून बसू लागली. आधी शिट्या, मग शेरे, मग एक दिवस वाट अडवली. ती घाबरून माझ्याकडे आली. घरी सांगितलं तर धावणं बंद होईल, हे तिला माहीत होतं.

मी समाजकार्यात एम.ए. केलेली, दहा वर्षं काम केलेली बाई. मी तिला काय सांगावं? मी म्हटलं, 'थोडे दिवस थांब. वातावरण निवळू दे.' ती थांबली. वातावरण निवळलं, कारण ती तिथे नव्हती. पोरांना कळलं की अडवलं की बाई थांबते. महिन्याने घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं. त्या साली ती चाचणीला गेलीच नाही.

बाईला 'तू थांब' सांगणं हा सगळ्यात सोपा सल्ला आहे. आई देते, मास्तर देतात, चौकीवरचा हवालदार देतो, आणि कार्यकर्तीनेही तोच दिला. गुन्हा करणाऱ्याला हटवायचं सोडून जिच्यावर गुन्हा झाला तिला हटवायचं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, कळलं नाही.

पुढे तिच्याच गावातल्या बचत गटाच्या बायांनी मला शिकवलं. बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या एक आजी म्हणाल्या, 'पोरगी एकटी धावते म्हणून पोरं बसतात. आमी पण जाऊन बसतो.' दुसऱ्या दिवशी सहा-सात बाया पहाटे टेकडीवर गेल्या. लुगडी नेसलेल्या, हातात काही नाही. धावल्या नाहीत, नुसत्या चालल्या, वर जाऊन दगडावर बसल्या, गप्पा मारल्या, खाली आल्या. असं पंधरा दिवस. मोटारसायकल आली नाही. पण मजा पुढे झाली. पोरगी धावेना, तरी बाया जातच राहिल्या. त्यातल्या एकीने मला सांगितलं, 'ताई, त्या टेकडीवरून खाडी दिसते. चाळीस वर्षं मी तिथून मोळी आणली, पण मान वर करून बघितलंच नव्हतं.'

त्या मुलीचं लग्न आम्ही थांबवू शकलो नाही. पण ती एकवीस वर्षांची होईपर्यंत थांबायला घर तयार झालं, आणि ती आता पुन्हा धावते. भरती होईल की नाही, माहीत नाही. आता तिच्याबरोबर आणखी दोघी असतात.

कुणी म्हणेल, बाई, तुम्ही वाटेवरच्या मौजेचं सांगता, पण वाड्यांना अजून धड रस्ता नाही. हा आक्षेप मी फार गंभीरपणे घेते. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसं बेपत्ता राहिली. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीपर्यंत गाडीचा रस्ता नव्हता. चिखलातली खडी पायवाट चढून जवान गेले. यंत्रं वर नेता आली नाहीत, हातांनी उकरावं लागलं. मदतीला निघालेल्या एका अग्निशमन अधिकाऱ्याचा चढतानाच हृदयविकाराने मृत्यू झाला. इर्शाळगड चढायला शहरातली मंडळी वर्षानुवर्षं ज्या वाटेने हौसेने जात होती, तीच वाट त्या वाडीचा एकमेव रस्ता होती. त्याच वाटेने बाया बाळंतपणाला झोळीतून खाली येत. एकाला जी वाट आवडती म्हणून हवी, ती दुसरीला दुसरी नाही म्हणून घ्यावी लागते. दोघांच्या पायाखाली दगड तेच असतात.

मीही अशा एका झोळीबरोबर चालले आहे. पावसाचे दिवस होते. चार गडी बांबूला चादर बांधून तिला आणत होते, मी बॅटरी धरून पुढे. अर्ध्या उतारावर बाळ झालं, एका आंब्याखाली. बाळ-बाळंतीण वाचल्या, ते आशाताईच्या हुशारीमुळे. तेव्हापासून वाट या शब्दाकडे मी साध्या नजरेने पाहू शकत नाही.

म्हणून मी म्हणते, रस्त्याची मागणी आणि रिकाम्या हातांनी चालण्याची मागणी या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. दोन्हींमध्ये एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वाट ही सार्वजनिक आहे आणि तीवर बाईचा हक्क आहे. या हक्कासाठी कायद्यात काही धागे आहेत, ते लक्षात ठेवा.

पहिला, गाव नकाशा. तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात तो मिळतो. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. आपली वाट नकाशात आहे का, ते बघा. कुणी फार्महाऊसचं कुंपण घालून ती गिळली असेल तर नकाशा हा पुरावा आहे.

दुसरा, मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६. शेताकडे किंवा कुरणाकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज द्यावा लागतो. आपण 'बघू, बोलू' करत हे सहा महिने घालवतो.

तिसरा, वनहक्क कायदा, २००६. त्याच्या कलम ३(२) प्रमाणे वनजमिनीतून रस्ता, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याच्या पाण्याची सोय अशा कामांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडली जाता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. ग्रामसभेची, म्हणजे आपली. ठरावाच्या दिवशी बाया पाणी भरत राहिल्या तर ठराव कुणाच्या सोयीचा होईल, ते सांगायला नको.

आता वेळेचं बोलू. तुम्ही म्हणाल, चालायला, धावायला वेळ कुठे आहे? भारत सरकारने २०१९ साली लोक आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाया तेव्हा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. तेव्हा अर्धा तास कुठून आणायचा याचं उत्तर या दोन आकड्यांतच आहे. पहाटे उठून अजून लवकर भाकरी करा, असं मी सांगणार नाही. अर्ध्या तासाची भाकरी घरातल्या दुसऱ्या कुणी करावी, असं सांगणार आहे. हे भांडण छोटं वाटतं, पण मोर्च्याला जाण्यापेक्षा अवघड असतं. मी स्वतःच्या घरी करून पाहिलं आहे.

आणि शरीराचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं, शंभरातल्या चोपन्न. चढावर दम लागतो तो सगळा वयाचा नसतो, रक्ताचाही असतो. धावायला लागण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. मुलींना शेवटी नाही, पहिल्या पंगतीला जेवायला वाढा. चढावर पावलं छोटी टाका, दम लागला तर चालायला लागा, आल्प्समधले मोठे धावपटूही खड्या चढावर चालतातच. उतारावर गुडघा ताठ ठेवू नका. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर धावू नका, आणि दरडीच्या उतारावर तर त्या दिवसांत जाऊच नका. हे मी कुणाला शिकवते आहे? मोळी घेऊन उतरणाऱ्या बायांना उतार माझ्यापेक्षा शंभरपट कळतो. गावातल्या मुलींना धावायला शिकवायला बाहेरचा शिक्षक मिळेल तेव्हा मिळेल, तोवर त्या बायांना विचारा.

शेवटी तीन कामं सुचवते. प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत आपल्या वाटांचा नकाशा काढावा. कुठली वाट कुणी अडवली आहे, कुठे दिवा नाही, कुठे पोरं बसतात, कुठे पावसात पाय घसरतो, हे त्यावर लिहावं आणि तो कागद ग्रामसभेत ठेवावा. दुसरं, गावात जी मुलगी धावते, तिला थांब म्हणू नये. तिच्याबरोबर आपल्यातली एकजण वाटेवर असेल, याची पाळी लावावी. आणि तिसरं, आठवड्यातून एक सकाळ रिकाम्या हातांनी निघावं. हंडा नको, कोयता नको, पिशवी नको. कुणी विचारलं, कुठं निघालीस, तर सांगावं, 'अशीच.'

पुढच्या वेळी वाटांचे कागद काढायला बसू, तेव्हा निदान एका तरी कागदावर ही वाट दिसावी.

मावशी, तुम्ही विचारलंत, आमी काय कमी धावताव का? नाही मावशी, तुम्ही खूप धावलात. आता थोडं स्वतःसाठी धावा. पाय दुखत असतील तर चाला, तेही पुरेसं आहे.